बोरगावची जागल आणि मॅग्नम रिव्हॉल्व्हर

नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं, की केळवद मागे पडतं, सातनूरला मध्य प्रदेश सुरू होतो आणि दुकानांच्या पाट्या मराठीतून हिंदीत जातात. माणसं मात्र मराठीतच बोलत राहतात. आणखी थोडं पुढे गेलं की रस्त्याकडेला कारखान्यांची कुंपणं दिसू लागतात. हे बोरगाव. नागपूरपासून साधारण ६५ किलोमीटर. तुमच्यापैकी कोणी नागपूरहून पचमढीला गेला असाल, तर बहुधा याच गावावरून गेला असाल आणि चहालाही थांबला नसाल. थांबावं असं रस्त्यावरून काही दिसतच नाही.

मंडळाच्या अंकात आतापर्यंत आल्प्स झाले, अलास्का झालं, ग्रँड कॅन्यन तर तीनदा झाली. म्हणून म्हटलं, या वेळी आमचं बोरगाव. मंडळाच्या गणपतीत साउंड सिस्टिमच्या वायरी गुंडाळणारा इंजिनिअर म्हणून तुम्ही मला ओळखता. माझं बी.ई. नागपूरचं, नोकरी टेक्सासची, पण सातबाऱ्यावरचं आडनाव बोरगावचं. (तिकडे सातबाऱ्याला खसरा म्हणतात, पण आमच्या घरात अजून सातबाराच.)

थोडा इतिहास सांगतो, कारण मुलं विचारतात, "आपण मराठी, मग गाव मध्य प्रदेशात कसं?" १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी नागपूरच होती. राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला, आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी पट्टा छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. म्हणजे आमच्या काकांनी एकाच घरात राहून दोन जिल्हे पाहिले. नागपूर-छिंदवाडा ही छोटी लाईन २०१५ मध्ये बंद झाली, आणि आता त्याच मार्गाने मोठी गाडी लोधीखेड्यावरून सौंसरला जाते. बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडचा कापडाचा कारखाना १९९१ पासून आहे. कारखान्याच्या कुंपणापलीकडे लगेच शेती: कापूस, तूर, मका, हरभरा आणि संत्र्याचे बगीचे. त्याच्या मागे, उत्तरेला, सातपुड्याची निळी रेघ.

त्या रेघेतून रात्री रानडुकरं खाली उतरतात. हा लेख त्यांच्याबद्दल आहे, आणि एका रिव्हॉल्व्हरबद्दल, जे बोरगावला कधी गेलंच नाही.

लॅपटॉपमधला तक्ता

झालं असं, की गेलं वर्षभर मी ऑफिसमधल्या एका मित्राबरोबर इथल्या शूटिंग रेंजवर जातो आहे. त्याच्याकडे .४४ मॅग्नमचं मोठ्या फ्रेमचं रिव्हॉल्व्हर आहे, सहा इंची नळीचं, आणि ते त्याला विकायचं होतं. त्याचं म्हणणं, "रेंजवर टार्गेटला चालेल आणि हिवाळ्यात रँचवर डुकरांच्या शिकारीलाही चालेल. एकात दोन." इंजिनिअर माणसाला एकात दोन म्हटलं की संशय येतो. मी एक तक्ता केला: अचूकता, ताकद, धक्का, खर्च, अंतर, सुरक्षितता. प्रत्येक रकान्याला गुण.

डिसेंबरात सुट्टीला बोरगावला गेलो तेव्हा तो तक्ता लॅपटॉपमध्ये उघडाच होता. धाकटा चुलतभाऊ मागे येऊन उभा राहिला.

"दादा, हे काय करून राहिला?"

"एक रिव्हॉल्व्हर घ्यावं का, ते पाहून राहिलो."

तो खुर्ची ओढून बसला. "मले पण तेच पायजे. डुकरासाठी. पैसे बाजूले ठेवले आहेत मी. तू या तक्त्यात बोरगावची एक ओळ टाक ना."

तो चेष्टा करत नव्हता. त्या आठवड्यात डुकरांनी हरभऱ्याचं जवळजवळ अर्धा एकर रान उकरून टाकलं होतं, तुरीच्या ओळी आडव्या केल्या होत्या आणि संत्र्याच्या बगीच्यातल्या ठिबकच्या नळ्या चावून ठेवल्या होत्या. एका रात्रीचं नुकसान महिनाभराच्या मजुरीएवढं. आणि त्याचे वडील, म्हणजे आमचे मोठे काका, सत्तरीला आले तरी रोज रात्री जागलीला जातात. म्हणून बोरगावची ओळ टाकली.

मॅग्नम म्हणजे नेमकं काय

आधी थोडी ओळख, कारण आपल्यापैकी बहुतेकांना हे रिव्हॉल्व्हर १९७१ च्या 'डर्टी हॅरी' सिनेमातूनच माहीत आहे. मॅग्नम हे मूळचं दारूच्या मोठ्या बाटलीचं नाव. नेहमीच्या बाटलीच्या दुप्पट, दीड लिटरची. काडतुसाच्या बाबतीत अर्थ असा की त्याच व्यासाच्या गोळीमागे जास्त दारू. .३५७ मॅग्नम १९३५ मध्ये आलं. .४४ मॅग्नम १९५० च्या दशकाच्या मध्यात आलं, आणि त्यामागे आयडाहोमधला एक गुरं पाळणारा लेखक होता, एल्मर कीथ. तो जुन्या .४४ स्पेशल काडतुसात अधिक दारू भरून वर्षानुवर्षं प्रयोग करत होता आणि कंपन्यांच्या मागे लागला होता.

यातली एक गोष्ट आपल्या धंद्यातल्या लोकांना आवडेल. नवं काडतूस मुद्दाम जुन्यापेक्षा किंचित लांब केलं. त्यामुळे जुनं .४४ स्पेशल नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये चालतं, पण नवं मॅग्नम जुन्या, कमजोर रिव्हॉल्व्हरच्या चक्रात पूर्ण बसतच नाही. जुनी फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते, नवी जुन्यात उघडत नाही, तसं. इथे मात्र चूक झाली तर फाइल नाही, हात जातो.

मग आकडे. मॅग्नमची नेहमीची गोळी साडेपंधरा ग्रॅमची, वेग सेकंदाला सव्वाचारशे मीटरच्या आसपास. ऊर्जा निघते सुमारे १४०० ज्यूल. त्याच रिव्हॉल्व्हरमधून .४४ स्पेशल मारलं तर चारशेच्या थोडं वर. आता धक्क्याचं पाहू. गोळीचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, जवळजवळ तेवढाच येतो जेवढा ताशी दीडशे किलोमीटरने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूचा. वर बाहेर पडणाऱ्या वायूचा धक्का वेगळा. सव्वा किलोच्या लोखंडात तो सगळा तळहातावर येतो. दीडशेचा चेंडू एकदा झेलता येतो. पन्नास वेळा ओळीने झेलून बघा.

रेंजवर २५ यार्डांवर, म्हणजे साधारण २३ मीटरवर, मी दोन्ही काडतुसं मारून पाहिली. सहा गोळ्यांचा एक गट. .४४ स्पेशलचा गट तळहाताएवढा. मॅग्नमचा पहिला गटही वाईट नव्हता, पण तिसऱ्या-चौथ्या फेरीला तो जेवणाच्या ताटाएवढा पसरला. कारण तपासायची एक जुनी युक्ती आहे. मित्राने चक्रात चारच काडतुसं भरली, दोन घरं रिकामी ठेवली आणि कुठली ते मला सांगितलं नाही. रिकाम्या घरावर घोडा पडला तेव्हा आवाज आला नाही, धक्का बसला नाही, तरी नळी खाली झुकली. शरीर धक्क्याची वाट पाहत आधीच दचकतं. मनाने ते थांबत नाही. हलक्या काडतुसांवर हजारो गोळ्यांचा सराव केला तर हळूहळू कमी होतं.

बाकी तपासण्याही लिहून ठेवल्या. घोडा आधी मागे ओढून चाप दाबला तर सुमारे दोन किलोचं बळ लागतं. नुसता चाप ओढून घोडा उठवायचा तर पाचाच्या आसपास. चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून तापलेला वायू बाजूला फुटतो, म्हणून डाव्या हाताचा अंगठा तिथे कधीच ठेवायचा नाही. आवाज १६० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानात बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही. आणि मॅग्नमची एक गोळी डॉलरच्या पुढे, तर .२२ ची काही सेंटांत.

टार्गेट आणि शिकार, वेगवेगळं

टार्गेटच्या रकान्यात मॅग्नमला कमी गुण पडले. आंतरराष्ट्रीय नेमबाजीत २५ मीटरच्या अचूक फेरीत दहा गुणांचं वर्तुळ अवघं पाच सेंटिमीटरचं असतं. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्णपदक मिळवलं, ते .२२ वर. पुरुषांची जी मोठ्या काडतुसाची स्पर्धा आहे, जिच्यात जसपाल राणाने १९९४ आणि २००६ च्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं, तिच्यातही मॅग्नम काडतूस नियमाने चालत नाही. नेमबाजी हा हजार वेळा तीच हालचाल तशीच करण्याचा खेळ आहे, आणि त्यात धक्का आडवा येतो.

शिकारीचं गणित वेगळं. तिथे एक कसोटी मला पटली. डुकराच्या खांद्यामागची मर्माची जागा एका छोट्या थाळीएवढी असते. टेकू न घेता, उभ्याने, सगळ्याच्या सगळ्या गोळ्या त्या थाळीत ज्या अंतरापर्यंत बसतात, तेवढीच आपली हद्द. बंदूक कितीही लांब मारो. माझी हद्द मॅग्नमने निघाली २५ यार्ड. सराईत माणसाची पन्नास किंवा त्याहून जास्त असते. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड, चिवट ढाल असते. त्यामुळे ताकद लागते हे खरं, पण ताकद चुकीच्या जागी बसली तर जखमी जनावर झुडपात जातं, आणि मग त्याच्या मागे जाणारा माणूस धोक्यात येतो.

म्हणजे टेक्सासच्या ओळीत उत्तर आलं: शिकारीला जमेल, भरपूर सराव करून आणि जवळून. टार्गेटला नको. एकात दोन नाही, एकात दीड.

तेच डुक्कर, दुसरा देश

आता बोरगावची ओळ. गंमत म्हणजे प्राणी तोच आहे. टेक्सासमधलं रानडुक्कर आणि सातपुड्यातलं रानडुक्कर, शास्त्रीय नाव एकच: सुस स्क्रोफा. पण टेक्सासमध्ये ते उपरं आहे. स्पॅनिश लोकांनी पाळीव डुकरं आणली, ती सुटून रानटी झाली, आणि १९३० च्या दशकात शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं आणून सोडली, त्यांच्याशी त्यांचा संकर झाला. म्हणून तिथे त्याला हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. २०१९ पासून तर जमीनमालकाची परवानगी असली की शिकारीचा परवानाही लागत नाही.

काकांनी हे ऐकून विचारलं, "म्हणजे तिकडं डुक्कर मारला तं पोलीस येत नाही?"

"नाही येत."

"आन् इकडं आम्ही नुसती लाठी उचलली तरी वनरक्षक येते."

इथे डुक्कर मूळचा रहिवासी आहे. पेंच आणि सातपुड्याच्या जंगलांत तो वाघ-बिबट्यांचं अन्न आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी कारण देऊन मारण्याची परवानगी देऊ शकतो, तशी तरतूद कलम ११ मध्ये आहे. पण शेतकऱ्याने आपल्या मनाने मारलं की तो गुन्हा.

मग बंदुकीचं काय? आमच्या आजोबांकडे भरमार होती. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायची ती बंदूक, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर. ते गेल्यावर ती ठाण्यात जमा झाली. १९५९ च्या शस्त्र कायद्यात, कलम १३ मध्ये, अशा भरमार बंदुकीचा पीकसंरक्षणासाठी स्पष्ट उल्लेख आहे. ती पुरेशी नसेल तर किमान वीस इंच लांब नळीची साधी, छर्ऱ्यांची बंदूक देता येते. रिव्हॉल्व्हरचं नाव त्या कलमात नाही. चुलतभाऊ हिरमुसला. पण कायद्याचा रकाना बाजूला ठेवला तरी एक रकाना उरत होता, आणि तो मला त्याच रात्री शेतावर भरायचा होता.

रात्रीची जागल

काकांबरोबर रात्री नऊला निघालो. डिसेंबरची थंडी, अंगावर घोंगडी, हातात बॅटरी, खांद्याला गोफण. शेताच्या कडेला चार खांबांचं मचाण, वर कडबा अंथरलेला. खाली शेकोटी. काका दर अर्ध्या तासाने पत्र्याचा डबा वाजवतात आणि "हा-हो-हो" अशी लांब आरोळी देतात. आधी मला ती डुकरांसाठी वाटली. मग लांबून कोणीतरी उत्तर दिलं. मग आणखी कोणी.

मचाणावरून मी बॅटऱ्या मोजल्या. अकरा. पूर्वेला हरभऱ्याच्या बांधावर एक, ओढ्यापलीकडे दोन, संत्र्याच्या बगीच्यात तीन, बाकी अंधारात हलणारे ठिपके. प्रत्येक ठिपक्यामागे एक माणूस, कोणाबरोबर शाळेत जाणारा मुलगा. मोबाइलच्या नकाशावर मी अंतरं काढली. सगळ्यात जवळची बॅटरी १४० मीटरवर. डांबरी रस्ता एक किलोमीटरच्या आत. त्याच्यापुढे कारखान्याच्या रात्रपाळीचे दिवे.

.४४ मॅग्नमची गोळी वर कोन करून सुटली तर दोन किलोमीटरच्या आसपास जाऊन पडते. नेम चुकला तर हरभऱ्याच्या सपाट रानात तिला थांबवणारं काही नाही. मातीचा बांध गुडघाभर. टेक्सासच्या ज्या रँचवर मित्र जातो तिथे चहूबाजूंना कित्येकशे एकर रिकामं रान असतं, आणि तिथेही पहिला नियम हाच, की नेमाच्या मागे काय आहे ते माहीत नसेल तर चाप दाबायचा नाही. बोरगावात नेमाच्या मागे काय आहे ते पक्कं माहीत असतं. शेजारी असतो.

रात्री दोनच्या सुमारास डुकरं आली. दिसली नाहीत, ऐकू आली: तुरीची कोरडी खसखस, घुरघुर, पायाखाली मोडणाऱ्या काड्या. काकांनी बॅटरी टाकली. पस्तीस-चाळीस मीटरवर दोन-तीन काळे ढिगारे, एक क्षण, आणि गायब. गोफणीतला दगड सुटला आणि पलीकडच्या बांधावर आपटला. ओढ्याकडून आरोळी आली, "तिकडं गेले का?" काका ओरडले, "तुझ्याकडंच आले रे, उठ!"

तो एक क्षण मी तक्त्याच्या हिशोबाने पाहिला. अंधार, हलतं जनावर, माझ्या हद्दीपलीकडचं अंतर, आणि सरळ रेषेत ओढ्याकाठच्या दोन बॅटऱ्या. बोरगावच्या ओळीत मी 'सुरक्षितता' या रकान्यात शून्य टाकलं आणि बाकीचे रकाने भरलेच नाहीत.

दीडशे वर्षांपूर्वीचा हिशोब

या डोंगरात बंदुकीचा तक्ता करणारा मी पहिला नाही. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हा इंग्रज अधिकारी याच सातपुड्यात काम करायचा. पचमढीतलं बायसन लॉज त्यानेच १८६२ मध्ये बांधलं, अजून बघायला मिळतं. त्याने १८६३ मध्ये शिकारी रायफलींवर एक तांत्रिक पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा मला आजही नीट वाटतो. जंगलात शिकार दीडशे यार्डांच्या आतच होते, मग लांब पल्ल्याच्या रायफलीचे फायदे कशाला धरून बसायचं? तो मोठी गोल गोळी, भरपूर दारू आणि नळीत कमी पीळ असं सुचवत होता, म्हणजे तेवढ्या टप्प्यात गोळी सरळ जाईल. जागेवरून हत्यार ठरवायचं, हत्यारावरून जागा नाही. १८७१ मध्ये, तिशीतच, तो वारला. मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं त्याचं प्रसिद्ध पुस्तक त्याच वर्षी आलं.

फॉर्सिथच्या काळी सातपुड्याच्या पायथ्याशी रात्री अकरा बॅटऱ्या नव्हत्या. त्याचीच पद्धत आज बोरगावला लावली, तर उत्तर बंदूक येत नाही.

पाच ज्यूल

सकाळी चहाला चुलतभावाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग काय, फटाके फोडत बसू?" गावात काही जण पाइपमध्ये कार्बाइड आणि पाणी घालून आवाज काढतात. २०२५ च्या दिवाळीत हेच कार्बाइडचं पाइप मुलांनी खेळणं म्हणून वापरलं, आणि मध्य प्रदेशात अनेक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. ते नको. काही जण तारेत घरची २३० व्होल्टची वीज सोडतात. त्याने डुक्कर मरतं, वाघ मरतो, आणि पहाटे बांधावरून जाणारा माणूसही मरतो. तो सरळ गुन्हा आहे.

राहिली झटका मशीन. सौरऊर्जेवर चालणारं कुंपण. तारेत व्होल्टेज हजारोंत असतं, पण झटका सेकंदाच्या अगदी छोट्या तुकड्यापुरता, आणि दर सेकंदाला साधारण एकदा. आंतरराष्ट्रीय मानकात एका झटक्याची कमाल ऊर्जा पाच ज्यूलच्या आसपास ठरवलेली आहे. १४०० विरुद्ध ५. जनावराचं ओलं नाक तारेला लागतं, ते किंचाळून मागे फिरतं आणि जागा लक्षात ठेवतं. माणसाचा हात लागला तर माणूसही शिव्या देऊन मागे फिरतो आणि घरी जाऊन जेवतो.

यालाही रोजचं काम आहे. डुकरासाठी पहिली तार गुडघ्याच्या खाली लागते, आणि म्हणूनच गवत तिला टेकतं, वीज जमिनीत जाते आणि झटका मरतो. आठवड्याला तारेखालचं गवत कापायलाच हवं. बॅटरीचं पाणी पाहायचं. आणि मुख्य अडचण म्हणजे, आपल्या शेताला कुंपण घातलं की डुकरं शेजारच्याकडे जातात. रात्री ज्याच्यामुळे मी शून्य टाकलं होतं तोच शेजारी सकाळी पुन्हा हिशोबात आला.

मी परत येईपर्यंत चुलतभावाने ओढ्याकाठच्या दोघांशी आणि बगीचेवाल्यांशी बोलणं केलं होतं. रिव्हॉल्व्हरसाठी ठेवलेले पैसे त्याने पहिल्या मशीनला आणि खांबांना लावले, बाकीच्यांनी तार घेतली. सगळी शेतं मिळून एकच वेढा. होळीच्या सुमारास त्याचा फोन आला. म्हणाला, हरभरा घरी आला, पूर्ण नाही पण बराच. एकदा गवत कापायचं राहिलं त्या रात्री डुकरं बरोबर त्याच कोपऱ्यातून आत आली. काका अजून जागलीला जातात. पण आता दर अर्ध्या तासाने नाही, दोनदाच फेरी मारतात, आणि मध्ये झोपतात.

माझ्या बाजूचं सांगायचं तर, मित्राचं .४४ मी घेतलं नाही. रेंजसाठी .२२ चं रिव्हॉल्व्हर घेतलं. मुलांना कळेल न कळेल, म्हणून ते घरात कुलूपबंद तिजोरीत, गोळ्या वेगळ्या तिजोरीत. इथे एक माहिती तरुण वाचकांसाठी: अमेरिकेत ग्रीन कार्ड असेल तर शस्त्र घेता येतं, पण एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना हा त्यातला मुख्य अपवाद. रेंजवर भाड्याने घेण्याआधीही हे नीट तपासा. मित्र हिवाळ्यात रँचवर जातो, मीही एकदा बरोबर जाणार आहे. तिथलं डुक्कर तिथल्या शेतकऱ्यालाही नकोच आहे.

आणि बोरगावला कधी जाल तर डिसेंबरात जा. संत्रा झाडावर असतो, थंडी सोसवेल एवढी असते. सौंसरहून पांढुर्ण्याकडे जाताना जाम सावळीचा पहुडलेला हनुमान पाहता येतो. गावात कोणी जागलीला नेईल म्हणालं तर नक्की जा. घोंगडी ते देतील. बॅटरी मात्र आपली न्या आणि बांधावरून चालताना ती चालू ठेवा. आजूबाजूच्या मचाणांवरच्या लोकांना आपण दिसलो पाहिजे.